डोळ्यांची आखणी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या खांबच्या घरात एक जपानी मुलगी राहायला आली. नाव नेझुको. ती माझ्या नातीच्या वहीत राहते, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर राहते, आणि एकदा तर किराणा मालाच्या यादीच्या खालीही सापडली. लांब केस, कपाळावर रिबन, तोंडात आडवं धरलेलं बांबूचं नळकांडं आणि डोळे... डोळे म्हणजे अर्धा चेहरा! ज्यांच्या घरात शाळकरी मुलं आहेत त्यांना हे पात्र सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. गोतोगे कोयोहारू या टोपणनावाने चित्रकथा काढणाऱ्या कलावंताची 'डीमन स्लेयर' नावाची मालिका जपानमधल्या एका साप्ताहिकात २०१६ ते २०२० या काळात आली. २०१९ मध्ये तिची हलती चित्रं झाली, म्हणजेच ॲनिमे. त्यातली ही नायकाची धाकटी बहीण.

पाहुणे जमले होते. घरातल्या एका ज्येष्ठांनी वही चाळली आणि निकाल दिला, "हे काय बशीएवढे डोळे! माणसाचे असे असतात का? आणि सगळी कॉपी. आधी खरी चित्रकला शीक, मग काढ हवं ते." (नाव लिहीत नाही, पण ते हा ब्लॉग नेमाने वाचतात, तेव्हा हा लेखही वाचतीलच!) नात काही बोलली नाही. पण वही दप्तरात गेली, ती चार दिवस बाहेर आली नाही.

त्या वेळी मीही वाद घातला नाही. पण चौतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलेली बाई मी. 'खरी चित्रकला' हा शब्द डोक्यात अडकून बसला. ही खरी चित्रकला कोणती, आणि ती खरी आहे हे ठरवलं कोणी? मोठे डोळे काढणं चूक असेल, तर आमच्या जिल्ह्यातल्या पेणमध्ये पिढ्यान् पिढ्या काय चाललं आहे? हा लेख त्या विचारातून झाला आहे. थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

आधी नात ते चित्र कसं काढते ते सांगते, कारण मी शेजारी बसून नीट पाहिलं आहे. अगोदर पेन्सिलने हलक्या हाताने एक वर्तुळ. त्यातून उभी रेघ आणि आडवी रेघ. उभी रेघ म्हणजे चेहऱ्याचा मध्य, आडवीवर डोळे. वर्तुळाखाली हनुवटीचं टोक. मग दोन्ही डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा सोडायची. वरची पापणी जाड, खालची अगदी पुसट, कधी तुटक. बुबुळ पूर्ण गोल दिसत नाही, त्याचा वरचा भाग पापणीखाली जातो. बुबुळात एक छोटा गोल कोरा ठेवायचा, तो उजेडाचा ठिपका. नाक म्हणजे एखादी बारीक तिरकी रेघ. शेवटी केस, तेही एकेक केस न काढता बटा-बटांनी. मग काळ्या पेनाने पक्क्या रेघा ओढायच्या आणि पेन्सिल खोडून टाकायची. छाया नाही, घोटणं नाही. जे सांगायचं ते रेघेने सांगायचं.

मी म्हटलं, "अगं, ही तर ठिपक्यांची रांगोळी झाली! आधी ठिपके, मग रेघ, आणि रेघ उचलायची नाही."

ती म्हणाली, "आजी, रांगोळी चुकली तर पुसता येते. पेन नाही पुसता येत."

मग मी तिला विचारलं की तोंडात तो बांबू कशाला? तिने गोष्ट सांगितली, ती मला पुरती कळली नाही. पण एक गोष्ट कळली. बांबूमुळे या मुलीचं तोंड दिसतच नाही. हसू, राग, रडू, सगळं डोळ्यांवर आणि भुवयांवर. नात म्हणाली, "म्हणून तिचे डोळे चुकले तर सगळंच चुकतं."

हे वाक्य ऐकलं आणि मला थेट पेणचे गणपतीचे कारखाने आठवले. तोंड झाकलेलं आणि सगळा भाव डोळ्यांत, असा चेहरा आपल्याकडे आणखी कोणाचा आहे? गणपतीचाच की! सोंडेमुळे तोंड जवळजवळ दिसत नाही. हत्तीचं डोकं, त्याला माणसासारखं नाक नाही, गाल नाहीत. तरीही आपण म्हणतो, यंदाची मूर्ती प्रसन्न आहे, यंदाची जरा उग्र वाटते. हे प्रसन्नपण असतं कुठे? चार-सहा रेघांत असतं, त्या रेघांना आखणी म्हणतात.

आमच्या खांबहून मुंबईच्या दिशेने निघालं की सुकेळी खिंड, नागोठणे, वडखळ आणि मग पेण. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढत गेला, तशी मूर्तींची मागणीही वाढली आणि पेण त्यासाठी नावाजलं. शहरात तर कारखाने आहेतच, पण हमरापूर, जोहे अशा आसपासच्या गावांतही घरोघर हाच उद्योग आहे. कोकणात अशा जागेला 'गणपतीची शाळा' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. तिथे हजेरीपट नाही की घंटा नाही, पण शिक्षण मात्र चोख.

या शाळेत कामाची वाटणी असते. कोणी माती मळतं, कोणी साच्यात दाबतं, कोणी सोंड-हात जोडतं, कोणी सांधे घासून गुळगुळीत करतं. मूर्ती वाळली की पांढरा हात, मग अंगाचा रंग, पीतांबर, दागिने. हे काम पुष्कळ जण करतात, घरातल्या बायका-मुलंही करतात. आखणीला मात्र सगळ्यांचा हात लावत नाहीत. ठरलेला माणूस असतो. बारीक कुंचला घेऊन तो मूर्तीसमोर बसतो. डोळ्याच्या पांढऱ्या जागेवर वरच्या पापणीची रेघ, खालची रेघ, बुबुळ, त्यात काळा ठिपका, मग भुवई. ओल्या रंगाची रेघ पुसली तर खालचा रंग बिघडतो, म्हणून ती एका दमात यावी लागते. एका डोळ्याची नजर आणि दुसऱ्या डोळ्याची नजर एकाच जागी मिळाली पाहिजे. नाहीतर मूर्ती भलतीकडेच बघते! सगळं उत्तम झालं आणि आखणी फसली तर गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाही.

आणि आता नीट आठवून बघा. गणपतीचे ते डोळे हत्तीचे असतात का? हत्तीचे डोळे तर अंगाच्या मानाने बारीक. मूर्तीचे डोळे माणसासारखे, तेही माणसाच्या प्रमाणाबाहेर मोठे आणि लांबट. कोणी कधी म्हणालं का, की हे शास्त्राला धरून नाही?

उलट शास्त्राला धरूनच आहे. 'विष्णुधर्मोत्तर पुराण' या जुन्या ग्रंथात 'चित्रसूत्र' म्हणून एक भाग आहे, त्यात चित्र कसं काढावं याचे नियम आहेत. त्यात डोळ्यांचे आकारच पाच सांगितले आहेत. धनुष्यासारखा, माशाच्या पोटासारखा, निळ्या कमळाच्या पाकळीसारखा, पद्माच्या पाकळीसारखा आणि सहाणेसारखा. कोणत्या पात्राला आणि कोणत्या भावाला कोणता डोळा द्यायचा तेही दिलं आहे. प्रत्येकाचं माप यवात, म्हणजे जवाच्या दाण्यात. म्हणजे डोळा समोरच्या माणसाकडे बघून काढायचा नव्हताच. तो पात्राच्या स्वभावाप्रमाणे निवडायचा होता. याच ग्रंथात असाही विचार आहे की चित्रातली रेघ ही जाणत्या आचार्यांच्या पसंतीची गोष्ट, आणि रंग, दागिने वगैरे इतरांच्या. माझ्या नातीच्या वहीत मागच्या पानावर डोळ्यांचे वीसेक नमुने काढलेले आहेत, रागाचा, दुःखाचा, लबाड, झोपाळू. चित्रसूत्राच्या कर्त्याला ते पान बघून नवल वाटलं नसतं.

हे नियम प्रत्यक्षात कसे दिसतात ते बघायचं तर आपल्या महाराष्ट्रातच अजिंठा आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. पाचव्या शतकाच्या अखेरीचा. खाली झुकलेल्या पापण्या, कमानीसारख्या भुवया, नाकाची एक सलग रेघ. त्यात छटा आहेत, नाही असं नाही, पण चेहरा उभा राहिला आहे तो रेघेवर. रंगाचे पोपडे जिथे उडाले आहेत तिथेही चेहरा ओळखू येतो.

आता इथून गोष्ट जपानला जाते, आणि मला स्वतःला हा भाग सर्वांत रंजक वाटला. जपानमध्ये नारा शहराजवळ होर्यूजी नावाचं अतिप्राचीन बौद्ध मंदिर आहे. त्याच्या मुख्य दालनाच्या भिंतींवर साधारण इ. स. ७०० च्या सुमाराची चित्रं होती. त्यांतल्या बोधिसत्त्वांचं अजिंठ्याशी असलेलं साम्य अभ्यासकांनी अनेकदा दाखवलं आहे. बौद्ध धर्माबरोबर चित्रंही मध्य आशियातून चीनमध्ये आणि तिथून जपानमध्ये गेली. वाटेत ती बदलली, चिनी हातातून गेली, पण झुकलेल्या पापण्या आणि सलग रेघ टिकली. होर्यूजीच्या रेघेला जपानी लोक लोखंडी तारेची उपमा देतात, कारण ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची आहे.

आराई काम्पो नावाचा एक जपानी चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून भारतात आला. पुढे तो अजिंठ्याला गेला आणि १९१७-१८ च्या सुमाराला तिथल्या चित्रांच्या नकला करत बसला. अंधारी लेणी, हातात कुंचला, आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या रेघेवरून आपला हात फिरवायचा! त्या नकला जपानला गेल्या आणि १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. पुढे १९४० मध्ये होर्यूजीच्या भिंतिचित्रांच्या नकला करण्याचं काम निघालं, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या चित्रकारांमध्ये हाच काम्पो होता. १९४५ मध्ये तो वारला. २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यूजीच्या त्या दालनाला आग लागली आणि मूळ चित्रं होरपळून गेली. आज तिथे लोक जे बघतात त्या नकलाच आहेत.

एकाच माणसाने अजिंठ्याचीही नक्कल केली आणि होर्यूजीचीही. नकलेला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

अर्थात यावरून 'बघा, ॲनिमे मुळात आपलंच' असा निष्कर्ष कृपया काढू नका. अजिंठा आणि नेझुको यांच्यामध्ये हजार-दीड हजार वर्षं आहेत, आणि मध्ये जपान्यांनी स्वतः केलेलं केवढं तरी काम आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की रेघेने चेहरा उभा करणं ही परकी गोष्ट नाही.

मग आपल्याकडे रेघ खालच्या दर्जाची आणि छाया-प्रकाश वरच्या दर्जाचा, हे कधीपासून झालं? १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथे युरोपातली पद्धत आली. समोर वस्तू ठेवायची, किंवा प्लास्टरचा पुतळा, किंवा माणूस बसवायचा, आणि डोळ्याला दिसतं तसं हुबेहूब उतरवायचं. ही पद्धत वाईट होती असं मुळीच नाही. तिने आपल्याला मोठेमोठे चित्रकार दिले. याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले प्रमुख. म्हणजे हुबेहूब शिकवणाऱ्या शाळेचीच मुलं अजिंठ्याच्या रेघेपुढे वर्षानुवर्षं बसली. त्यांतल्या बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. अजिंठ्याच्या नकलांच्या नशिबी आगच लिहिलेली दिसते. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकलाही १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या.

दुसरीकडे राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापील चित्रांनी घरोघरी भिंतीवर देव आणले, आणि ते देव आपल्या-तुपल्यासारख्या चेहऱ्याचे होते, गालावर उजेड आणि मानेखाली सावली असलेले. लोकांना ते इतके आवडले की चित्र म्हणजे असंच असतं, असं दोन-तीन पिढ्यांच्या मनात बसलं.

शाळांत आल्या त्या ग्रेड परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. आपल्यापैकी कितीतरी जणांनी दिल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. तांब्या, विटा, वांगी आणि घडीचा टॉवेल काढून काढून हात बसायचा. पण बारकाईने बघा, या विषयांत माणसाच्या चेहऱ्याचा स्वतंत्र पेपर नाही. स्मरणचित्रात माणसं येतात, पण ती लांबची, पाणवठ्यावरची नाहीतर बाजारातली. एखाद्या मुलाला नुसता चेहरा काढायची ओढ असेल तर ती भागवायची कुठे? वहीच्या मागच्या पानावर! माझ्या शिक्षकीच्या काळात मी तपासलेल्या इतिहासाच्या वह्यांची मागची पानं चेहऱ्यांनी भरलेली असत. आधी नट-नट्या, पुढे क्रिकेटवाले, मग कार्टूनमधली पात्रं.

आता मुख्य प्रश्न, डोळे एवढे मोठे का? याचं उत्तर मला आपल्याच कोकणात सापडलं, पार दक्षिणेला, सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं, एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणायचं, आणि गाण्या-वाद्यांच्या साथीने एकेक चित्र दाखवत कथा सांगायची. या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुष्कळांना पिंगुळीचं नाव कळलं. त्या चित्रांतले चेहरे बघा. बहुतेक एका बाजूने काढलेले, ठसठशीत काळी रेघ आणि भला मोठा डोळा. कारण उघड आहे. चित्र एक, बघणारी माणसं पन्नास, तीही देवळात जमिनीवर बसलेली. मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळलं पाहिजे की हा रावण रागावला आहे. नाजूक छाया तिथे कोणाला दिसणार?

आणि गंमत म्हणजे जपानमध्ये हुबेहूब हेच होतं! कामिशिबाई, म्हणजे कागदी नाटक. १९३० च्या दशकात तिथे सायकलवरून गोष्टवाले फिरत. सायकलच्या मागे लाकडी चौकट, त्यात चित्रांचे पुठ्ठे. गल्लीत मुलं जमली की आधी गोळ्या-मिठाई विकायची आणि मग एकेक पुठ्ठा सरकवत गोष्ट सांगायची. पुढे तिथे दूरदर्शन संच आला तेव्हा सुरुवातीला लोक त्याला 'विजेची कामिशिबाई' म्हणत. हा धंदा बसला, तशी त्यातली काही चित्रकार मंडळी छापील चित्रकथांकडे वळली. मिझुकी शिगेरू हे त्यांतलं एक मोठं नाव. चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची ही रीत भारतातून चीनमार्गे पूर्वेकडे कशी पसरली, यावर व्हिक्टर मेअर या अभ्यासकाने १९८८ मध्ये एक ग्रंथच लिहिला आहे.

ॲनिमेच्या डोळ्यांचा जवळचा इतिहास मात्र तेझुका ओसामू या माणसापाशी सुरू करतात. जन्म १९२८ चा. डॉक्टरकी शिकला आणि चित्रकथा काढत राहिला. डिस्नेचा हरणाच्या पाडसावरचा 'बाम्बी' हा चित्रपट त्याने कितीतरी वेळा पाहिला. त्याच्या गावी ताकाराझुका नावाची नाटक मंडळी होती, तिच्यात सगळ्या भूमिका बायकाच करत. त्यांचे रंगवलेले, दिव्यांत चमकणारे मोठे डोळे तो लहानपणापासून बघत आला होता. हे सगळं त्याच्या चित्रांत उतरलं. १ जानेवारी १९६३ रोजी त्याची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका तिथल्या दूरदर्शनवर सुरू झाली. दर आठवड्याला एक भाग, हाताशी पैसे कमी आणि माणसंही कमी. मग सगळं अंग हलवत बसण्याऐवजी चेहरा स्थिर ठेवायचा आणि डोळे-तोंड तेवढं हलवायचं, अशी काटकसर करावी लागली. चेहराच जर सगळं सांगणार, तर डोळे मोठे हवेतच. म्हणजे देवळातली मागची रांग काय, घरातला छोटा पडदा काय आणि मांडवातली गर्दी काय, गरज एकच आहे. कमी रेघांत, लांबून, पुष्कळांना दिसलं पाहिजे. याच तेझुकाने पुढे १९७२ ते १९८३ या काळात गौतम बुद्धाच्या जीवनावर प्रचंड मोठी चित्रकथा केली, हे जाता जाता सांगते.

या गोष्टीत आपली मुंबईही आहे बरं का. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने व्यंगपटांचा विभाग सुरू केला. तिथे शिकवायला आले क्लेअर वीक्स. डिस्नेच्या स्टुडिओत 'बाम्बी'वर काम केलेले हे गृहस्थ. त्यांच्या हाताखाली १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' हा छोटा चित्रपट झाला, जातककथेवरचा, आणि चित्रांची धाटणी अजिंठ्याची! त्या विभागात तयार झालेले राम मोहन यांनी पुढे युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासह रामायणावरचा ॲनिमे चित्रपट दिग्दर्शित केला. साको १९८३ मध्ये माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले आणि रामकथेच्या प्रेमात पडले होते. चित्रपट १९९२ मध्ये पुरा झाला. सुमारे साडेचारशे कलावंतांनी तो हाताने चितारला. त्या काळी तो फारसा कोणी पाहिला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडे चित्रपटगृहांत आला. त्यातल्या रामाचे डोळे बघा. ते जपानी आहेत की आपले, हे सांगणं अवघड आहे.

आणि आपल्या मराठी घरांतली रेघ? दीनानाथ दलालांचा 'दीपावली' अंक १९४५ पासून निघू लागला. दलालांची रंगीत मुखपृष्ठं सगळ्यांना आठवतात, पण कथांसोबतची त्यांची साधी शाईची चित्रं काढून बघा. दोन-तीन रेघांत नाक-डोळे आणि बाईचा सगळा स्वभाव. शि. द. फडणिसांनी २०२५ मध्ये वयाची शंभरी गाठली. त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांना चित्रं काढली होती, ती मी वर्गात मुलांच्या हातात पाहिली आहेत. गणिताला घाबरणारी मुलं चित्रांसाठी पुस्तक उघडत. फडणिसांची माणसं म्हणजे डोळ्याला एक टिंब, नाकाला एक वळण. हुबेहूब माणसासारखं त्यात काहीच नाही, तरी शब्दांवाचून गोष्ट कळते. त्यांना कोणी म्हटलं नाही की आधी खरी चित्रकला शिका.

आता नकलेविषयी. पेणच्या शाळेत मुलगा आखणी शिकतो तो जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, त्याची रेघ बघून बघून. आधी फुटक्या किंवा नाकारलेल्या मूर्तीवर हात साफ करायचा. पिंगुळीतही घरातल्या जुन्या पोथ्या पुढ्यात ठेवून नव्या काढतात. आम्ही मुलांना शुद्धलेखन शिकवलं तेही कित्ता गिरवूनच की! कित्ता हा चांगला शब्द आपण विसरलो आणि त्या जागी 'कॉपी' हा परीक्षेतल्या गुन्ह्याचा शब्द आणून बसवला, इथेच घोटाळा झाला.

कित्ता कायमचा मात्र गिरवायचा नसतो, हेही तितकंच खरं. नातीच्या वहीतले चेहरे बारकाईने बघितले तर एक गोष्ट खटकते. केस काढून टाकले तर सगळे एकाच साच्यातले. आणि त्यांत म्हातारं कोणी नाही. सुरकुती नाही, बसलेले गाल नाहीत, रुंद नाक नाही, चष्म्याआडचे थकलेले डोळे नाहीत. पेणच्या मूर्तीही एका साच्यातून निघतात, पण जाणकार माणूस आखणी बघून सांगतो की ही मूर्ती कोणाच्या हातची. साचा सगळ्यांचा, रेघ एकाची. नातीला तिथवर जायचं आहे, आणि वही दप्तरात बंद ठेवून तिथवर जाता येणार नाही.

म्हणून मी तिला एवढंच सुचवलं. नेझुको काढ, भरपूर काढ. पण आठवड्यातून एक चेहरा त्याच पद्धतीने, त्याच वर्तुळातून, आपल्या माणसांचा काढ. नागोठण्याच्या बाजारातली सुकी मासळी विकणारी मावशी काढ. एसटीचा कंडक्टर काढ. मोठे डोळे ठेव हवे तर, पण त्यांचा राग, त्यांची लबाडी, त्यांचा थकवा त्या डोळ्यांत आण. आणि येत्या पावसाळ्यात पेणला जाऊ, आखणी चालू असताना बघायला. ती म्हणाली, "मला कुंचला धरायला देतील का?" मी म्हटलं, विचारून बघू.

ग्रेड परीक्षाही तिने द्यावी. तांब्याची गोलाई आणि टॉवेलची घडी हाताला शिस्त लावतात, त्याने नेझुकोचं काही बिघडणार नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की तांब्याची चित्रकला आणि डोळ्यांची चित्रकला अशा दोन वेगळ्या जाती करू नका, आणि त्यांतली एकच खरी असं मुलांना सांगू नका. ज्या जिल्ह्याचं नाव डोळ्यांच्या आखणीमुळे परदेशापर्यंत गेलं, त्या जिल्ह्यातल्या माणसांनी तरी हे सांगू नये.

असो. तुमच्याकडे कोणाच्या घरात जुनी चित्रं, दलालांची चित्रं असलेले अंक, किंवा आखणी करणारं ओळखीचं कोणी असेल तर मला जरूर कळवा. आणि ज्यांनी दिवाळीत निकाल दिला होता त्यांना एक निरोप, नातीच्या यादीत सोमवारचा चेहरा तुमचा आहे. चष्मा लावूनच या!